वर्ध्याहून चापिंगोला : डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे

आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या वाचनालयातून कधी ना कधी ‘एक होता कार्व्हर’ घरी नेले होते. वीणा गवाणकरांच्या त्या पुस्तकाने आपल्याला भुईमुगाकडे आणि मातीकडे निराळ्या नजरेने बघायला शिकवले. गुलामीत जन्मलेला, अलाबामात आयुष्य वेचलेला तो शास्त्रज्ञ आपल्याला आजही घरचा वाटतो. पुढे त्याच लेखिकेने आपल्या वर्ध्याच्या एका माणसाचे चरित्र लिहिले. ‘नाही चिरा...’ हे त्याचे नाव. ते वाचलेला आपल्यात दहात एक निघाला तरी पुष्कळ म्हणायचे. स्मरणिकेसाठी शेतीवर काहीतरी लिही, असा निरोप संयोजकांकडून आला, तेव्हा कापसाच्या भावावर किंवा बोंडअळीवर लिहिण्यापेक्षा या माणसाची ओळख करून द्यावी असे वाटले. आपल्यातले निम्मे अजून शेतीत आहेत आणि उरलेल्या निम्म्यांच्या नावे सातबारा आहे. त्यामुळे विषय कोणालाच परका नाही.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म नोव्हेंबर १८८४चा. गाव वर्धा. प्राथमिक आणि माध्यमिक शाळा वर्ध्यालाच झाली, पुढच्या शिक्षणासाठी ते नागपूरला गेले. त्या वेळचा वर्धा जिल्हा म्हणजे कापसाचा जिल्हा. हिंगणघाटचा कापूस तर विलायतेच्या बाजारात नावाने ओळखला जाई. रेल्वे होती, जिनिंग-प्रेसिंग होते, गाठी मुंबईला आणि तिथून पुढे बोटीने जात होत्या. त्याच काळात, पांडुरंग बारा वर्षांचा असताना १८९६-९७चा दुष्काळ पडला. तो सरतो न सरतो तोच १८९९-१९००चा, जुनी माणसे ज्याला छप्पन्न सालचा म्हणत, तो पडला. मध्य प्रांतात माणसे आणि जनावरे किती मेली याचे आकडे सरकारी अहवालांतून वाचताना आजही अंगावर काटा येतो. स्टेशनावर गाठी चढताहेत आणि गावात ज्वारी नाही, हे चित्र या मुलाने अगदी जाणत्या वयात पाहिले. त्याच्या पुढच्या आयुष्याचे दोन धागे, बंदूक आणि बियाणे, इथूनच निघाले असावेत असे मला वाटते.

पहिला धागा आधी सांगतो, कारण आजवर जे काही थोडे लिहिले गेले ते याच बाजूवर. टिळकांच्या प्रभावाने तरुण पांडुरंग सशस्त्र क्रांतीकडे ओढला गेला. परदेशात जाऊन लष्करी शिक्षण घ्यायचे असे ठरवून तो १९०६च्या सुमारास घराबाहेर पडला. रशियाला नुकतेच हरवलेल्या जपानकडे तेव्हा सगळ्या आशियाचे डोळे लागले होते. खानखोजे आधी जपानला आणि तिथून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले. खिशात पैसा नाही, ओळख नाही. पडेल ते अंगमेहनतीचे काम करून त्यांनी शिक्षण सुरू केले. कॅलिफोर्नियात सॅन राफेल इथल्या माउंट तमालपाईस लष्करी अकादमीत त्यांनी प्रवेश मिळवला आणि ते शिक्षण पुरे केले. ओरेगनमध्ये लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांत मिसळून संघटना बांधली. लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना, कोवळा कर्तारसिंग सराभा यांच्या बरोबरीने १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या संस्थापकांत त्यांचे नाव घेतले जाते. पहिले महायुद्ध सुरू होताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात गेले. मुसलमानी नाव घेऊन तिथल्या टोळ्यांबरोबर इंग्रज फौजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. (आडनावात ‘खान’ असण्याचा असा उपयोग कुणाला झाला नसेल.) युद्ध संपल्यावर बर्लिन. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि विवेकानंदांचे धाकटे बंधू भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासारख्या क्रांतिकारकांसोबत मॉस्को. हे सगळे एखाद्या कादंबरीत शोभेल असे आहे आणि त्यावर स्वतंत्र लेख होईल. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत लिहिलेल्या चरित्रात हा भाग सविस्तर आला आहे, ज्यांना रस असेल त्यांनी तो जरूर वाचावा.

मला सांगायचे आहे ते दुसऱ्या धाग्याबद्दल. बंदूक शिकायला गेलेला हा माणूस त्याच वेळी शेती शिकत होता, आणि ते शिकणे नावापुरते नव्हते. ओरेगनमधल्या कॉर्व्हॅलिसच्या कृषी महाविद्यालयात आणि मग वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनच्या कॉलेजात त्यांनी कृषिशास्त्राचा अभ्यास केला. पुलमनची पदव्युत्तर पदवी १९१३ सालची, म्हणजे गदर उभी राहिली त्याच वर्षाची. दिवसा वर्ग आणि प्रयोगशाळा, उरलेल्या वेळात मजुरांच्या बैठका. दोन्हींत त्यांना विसंगती वाटत नव्हती. देश मोकळा करायचा तो कशासाठी, याचे उत्तर ज्या मुलाने दुष्काळ पाहिला आहे त्याला पुस्तकात शोधावे लागत नाही.

पुलमन हे गाव नकाशावर बघा. भोवती पलूस नावाचा टेकड्या-टेकड्यांचा मुलूख आहे. वाऱ्याने वाहून आणलेली बारीक, खोल माती, पाऊस मोजका आणि तोही मुख्यतः हिवाळ्यात. गहू पिकायचा तो कोरडवाहू. त्यामुळे तिथल्या शेतीशास्त्राचा पहिला प्रश्न पाण्याचा होता, आणि तोही पाणी आणायचे कुठून असा नव्हता. पडलेले पाणी जमिनीत टिकवायचे कसे, हा होता. जमीन आलटून पालटून पडीक ठेवायची, पण नुसती सोडून द्यायची नाही. वरचा थर हलका मोकळा करत राहायचे, तण उगवू द्यायचे नाही, म्हणजे खालची ओल वर चढून उडून जात नाही. आपल्याकडे उन्हाळवाहीनंतर वखराच्या पाळ्या देतात आणि उभ्या पिकात डवरे फिरवतात, त्यामागचे कारण हेच. डवऱ्याचा एक फेर म्हणजे अर्धे ओलीत, असे आपले बाप-आजे मानत आले. फरक इतकाच की पुलमनला त्याची मोजदाद होत होती. किती खोलीवर किती ओल राहिली, पाळी दिलेल्या आणि न दिलेल्या तुकड्यात एकरी किती उतारा आला, खर्च किती वाढला, हे वहीत लिहिले जात होते.

दुसरी गोष्ट पैदाशीची. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० साली युरोपात नव्याने उजेडात आले. जवळपास त्याच वेळी पुलमनला विल्यम स्पिलमन नावाचा प्राध्यापक गव्हाच्या संकरातून स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचला होता. खानखोजे तिथे गेले तेव्हा स्पिलमन ते गाव सोडून गेला होता, पण त्याने घालून दिलेली वाट ताजी होती. दोन वाणांचा संकर करायचा, पुढच्या पिढीत गुण कसे विभागून येतात ते मोजायचे, हवे ते ठेवायचे आणि नको ते काढायचे. बियाणे ही देवाने दिलेली न बदलणारी वस्तू नाही, ते घडवता येते, हा विचार तेव्हा सगळ्या जगालाच नवा होता. आपल्या देशात पुशाची संशोधन संस्थाही त्याच दशकात सुरू झाली होती. त्यामुळे वर्ध्याच्या या विद्यार्थ्याने ते शास्त्र अगदी ताजे असताना आत्मसात केले असे म्हणायला हरकत नाही.

ते उपयोगाला आले मात्र दहा वर्षांनी, आणि हिंदुस्थानाऐवजी मेक्सिकोत. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव असल्याने घरी परतणे शक्य नव्हते. अमेरिकेत असतानाच मेक्सिकोच्या क्रांतीने ते भारावले होते आणि रामोन दे नेग्री या मेक्सिकन मुत्सद्द्याशी त्यांची ओळख झाली होती. दे नेग्री पुढे तिथला कृषिमंत्री झाला. १९२४ साली खानखोजे मेक्सिकोत पोचले, स्पॅनिश शिकले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. तेव्हा त्यांचे वय चाळीस. आपल्याकडे चाळिशीत माणूस नोकरीत स्थिरावलेला असतो, यांनी तेव्हा आयुष्यातली पहिली कायमची नोकरी धरली.

चापिंगो म्हणजे मेक्सिको शहराच्या पूर्वेला टेक्सकोकोजवळची एक जुनी जहागीर. एका माजी राष्ट्राध्यक्षाची ती मालमत्ता होती. क्रांतीनंतर ती सरकारने घेतली आणि राजधानीतले कृषी विद्यालय तिथे हलवले. जहागिरीच्या जुन्या प्रार्थनामंदिरात दिएगो रिव्हेरा हा चित्रकार भिंती रंगवत होता. शोषण जमिनीचे करायला शिका, माणसाचे नको, अशा अर्थाचे त्या विद्यालयाचे बोधवाक्य होते. आपल्याकडच्या शाळांच्या बोधवाक्यांपेक्षा जरा निराळे आहे, पण तो देश तेव्हा दहा वर्षांच्या यादवीतून बाहेर पडत होता. १९१७च्या घटनेने मोठ्या जमीनदाऱ्या मोडून गावांना जमिनी परत देण्याचा हक्क मान्य केला होता. पिढ्यान्पिढ्या जहागीरदाराकडे राबलेला माणूस आता स्वतःच्या तुकड्यावर उभा होता. त्याच्याजवळ बैल नव्हते, भांडवल नव्हते, आणि काय, कधी, किती पेरायचे हे ठरवण्याची सवयही नव्हती, कारण ते आजवर मुकादमाने ठरवले होते. जमीन दिली आणि पिकवता आली नाही, तर ती सावकाराकडे किंवा पुन्हा जुन्या मालकाकडे जाणार हे उघड होते. आपल्याकडे कूळकायद्यानंतर हेच कुठे कुठे घडलेले आपण ऐकले आहे.

हवामानही सोपे नव्हते. चापिंगोची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर. पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आपल्या वर्ध्यापेक्षा बराच कमी. पाऊस लांबला की पेरणी लांबते, आणि पेरणी लांबली की दाणा भरायच्या आत दहिवर गोठते, हिमाचा तडाखा बसतो. म्हणजे पिकाला मधल्या काही महिन्यांची खिडकीच मिळते. पीक कोणते, तर मका. मेक्सिकोच्या माणसाला मका म्हणजे आपल्याला ज्वारी. भाकरी त्याची, पेय त्याचे, जनावराला कडबा त्याचा. त्याच्यात घेवडा आणि भोपळा मिसळून पेरण्याची त्यांची रीत आपल्या ज्वारी-तुरीच्या पाट्यासारखीच.

खानखोज्यांनी कामाला हात घातला तो या मक्याच्या वाणांना. गहू, डाळी यांवरही त्यांनी काम केले, पण त्यांचे नाव झाले ते मक्यामुळे. थंडीला आणि ताणाला टिकणारे, कमी दिवसांत येणारे, एका झाडाला एकापेक्षा जास्त कणसे धरणारे मक्याचे वाण तयार करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. त्यासाठी ते मक्याचा रानटी भाऊ तेओसिंते याच्याकडे वळले. तेओसिंते हे त्या भागात शेताच्या धुऱ्यावर उगवणारे गवत. दाणा दगडासारखा, कणीस बोटभर, शेतकऱ्याच्या लेखी तण. पण ते काटक आहे, एका बुंध्याला अनेक फांद्या आणि अनेक कणसे येतात, आणि मक्याशी त्याचा सहज संकर होतो. मका आणि तेओसिंते यांच्या संकरातून निघालेल्या पिढ्या त्यांनी चापिंगोच्या वाफ्यांत लावल्या. नव्या वाणांवर त्यांचे पुस्तक १९३० साली चापिंगोहून निघाले. पुढे ‘ग्रानादा’ नावाच्या मक्यावर त्यांनी लिहिले. ग्रानादा म्हणजे डाळिंब. त्याला एकाच जागी कणसांचा गुच्छ येतो.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगतो, कारण आपले काही मित्र मका लावतात. एका झाडाला जास्त कणसे म्हणजे जास्त उतारा, असे सरळ गणित नसते. झाडाची पाने तेवढीच, मुळे तेवढीच, जमिनीतले अन्न तेवढेच. चार कणसे धरली आणि चारही पोचट राहिली तर उपयोग काय? म्हणून वाण आणि लागवड यांचा विचार एकत्र करावा लागतो. झाडांतले अंतर किती, खत किती आणि केव्हा, निंदण कितव्या दिवशी. नुसते बियाणे बदलून पीक दुप्पट करायला निघालेले शेतकरी पहिल्या वर्षी हसतात आणि तिसऱ्या वर्षी रडतात, हे आपण कापसात पाहिले आहेच. खानखोजे फक्त पैदासकार राहिले असते तर त्यांचे काम चापिंगोच्या वाफ्यांतच राहिले असते. ते तसे राहिले नाही याचे कारण त्यांच्या शाळा, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले सगळ्यांत मोठे काम तेच आहे.

‘एस्क्वेला लिब्रे दे आग्रिकुल्तुरा’, म्हणजे शेतीची मुक्त शाळा. १९२८च्या आसपास टेक्सकोको भागातल्या खेड्यांत, तिथल्या शेतकरी संघटनेच्या आधाराने, खानखोज्यांनी या शाळा सुरू केल्या. एकीला एमिलियानो झपाटाचे नाव दिले होते. जमिनीच्या हक्कासाठी लढलेला आणि १९१९ साली दगाबाजीने मारला गेलेला हा शेतकरी पुढारी. फी नाही, प्रवेशाची अट नाही, लिहिता-वाचता यायला हवे असेही नाही. वर्ग गावात, आणि गावाच्या शेतात. शिकवायला चापिंगोचे प्राध्यापक आणि विद्यार्थी. विद्यालयात प्रवेश घेणे ज्याला कधीच शक्य नव्हते त्याच्याकडे विद्यालयानेच जायचे, अशी ती कल्पना होती. इटलीत जन्मलेली छायाचित्रकार तिना मोदोत्ती तेव्हा मेक्सिकोत होती. रिव्हेरामुळे तिची आणि खानखोज्यांची ओळख झाली आणि तिने या शाळांचे, मक्याच्या नव्या वाणांचे फोटो काढले. रुंद काठाच्या टोप्या घातलेली शेतकरी मंडळी आणि त्यांच्यात उभा असलेला, कोटटाय घातलेला सावळा मराठी माणूस, असे ते दृश्य. मोदोत्तीला १९३० साली मेक्सिकोतून हद्दपार केले गेले. तिने हे फोटो काढले नसते तर या शाळांची आठवण कितपत राहिली असती याची मला शंका आहे.

शेतकऱ्याला काय शिकवले म्हणजे त्याचा उतारा वाढेल? मक्याचेच उदाहरण घेऊ. आपण बियाणे कसे ठेवतो? खळ्यावर ढीग पडला की त्यातली मोठी मोठी कणसे निवडून छताला टांगतो. दिसायला बरोबर, पण यात दोन चुका आहेत. मक्याचा तुरा शेंड्याला असतो, कणीस खाली पानाच्या बेचक्यात. तुऱ्यातले पराग वाऱ्याने उडतात आणि कणसाच्या प्रत्येक केसावर पडलेल्या परागाने एकेक दाणा धरतो. म्हणजे कणसाची आई आपल्याला ठाऊक असते, बाप शेतातला कोणीही असू शकतो, अगदी शेजारच्या शेतातलासुद्धा. दुसरी चूक अशी की कणीस मोठे झाले ते जातीने की जागेने हे ढिगात कळत नाही. उकिरड्याजवळचे, किंवा आजूबाजूची झाडे मेल्यामुळे एकटे वाढलेले झाड मोठे कणीस देणारच. ते त्याचे कर्तृत्व नसते आणि पुढच्या वर्षी मुलांत उतरतही नाही.

म्हणून निवड उभ्या पिकात करायची. शेताच्या मधोमध, दोन्ही बाजूंना शेजारी असताना, तेवढ्याच मातीत आणि तेवढ्याच पाण्यात जे झाड सरस ठरले त्याला खूण करायची. किडके, रोगट, लोळणारे झाड तुऱ्यावर येण्याआधीच काढायचे किंवा त्याचा तुरा मोडायचा, म्हणजे त्याचा पराग उडणार नाही. हिमाचा तडाखा बसून गेला तरी जे हिरवे राहिले ते झाड तर सोन्यासारखे जपायचे. खूण केलेल्या झाडांची कणसे वेगळी काढायची, कणसाच्या मधल्या भागातले दाणे बियाण्याला घ्यायचे. याला पैसा लागत नाही. लागते ती नजर आणि चार-पाच वर्षांचा धीर. दरवर्षी थोडी थोडी सुधारणा होते, आणि सुधारलेले बियाणे शेतकऱ्याच्याच घरात राहते.

मला इथे आपल्या भाषेतल्या दोन शब्दांची गंमत वाटते. आपण उत्पादन आणि उत्पन्न हे शब्द बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. शेतीची सगळी पंचाईत या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे. उतारा वाढला आणि त्यापेक्षा जास्त खर्च वाढला तर उत्पादन वाढते, उत्पन्न घटते. त्याच काळात, १९३०नंतर, उत्तरेला अमेरिकेत संकरित मक्याची लाट आली. उतारा खरोखरच मोठा वाढला. पण ते बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागे, कारण घरचे ठेवले की दुसऱ्या वर्षी गुण फुटत. भांडवल असलेल्या तिथल्या शेतकऱ्याला ते परवडले. पाच-सात एकर कोरडवाहू जमीन नुकतीच हाती आलेल्या मेक्सिकन माणसाला ते झेपले नसते. खानखोज्यांचा मार्ग हळू होता, पण तो मका पिकवणाऱ्याच्या खिशाला धरून आखलेला होता. आज आपण कपाशीची पाकिटे दरसाल विकत आणतो, त्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. दोन्ही मार्गांना त्यांची जागा आहे, हे मी कृषी पदवीधर म्हणून मान्य करतो. पण कोणता मार्ग कोणाला हे ठरवताना शेतकऱ्याची वही आधी उघडायला हवी, आणि ती उघडणारे फार थोडे असतात.

लाझारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना, १९३४ ते १९४० या काळात, मेक्सिकोत सुमारे एक कोटी ऐंशी लाख हेक्टर जमीन वाटली गेली. ती कसणाऱ्यांना शिकवायची गरज तेव्हा किती असेल याची कल्पना करा. खानखोजे या सगळ्या काळात तिथेच होते. १९३६ साली त्यांनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी लग्न केले, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत रिव्हेराने काढलेल्या एका भित्तिचित्रात टेबलाभोवती माणसे बसली आहेत आणि मधला माणूस सगळ्यांसाठी भाकरी मोडतो आहे. तो चेहरा खानखोज्यांचा, असे सांगतात. वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर भाकरी वाटत बसला आहे, आणि वर्ध्यात त्याचे नाव विचारले तर शंभरातले नव्वद जण मान हलवतील.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. १९४९ साली त्या वेळच्या मध्य प्रांत सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावले. ज्या देशासाठी चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी घर सोडले तिथे ते परत आले, तर विमानतळावर त्यांना अडवून ठेवण्यात आले असे सांगतात. इंग्रज गेले होते, काळी यादी तेवढी कपाटात राहिली होती. आपल्या प्रांतातल्या शेतीसाठी काही करावे, मेक्सिकोत उभे केले तसे काही इथे उभे करावे, ही त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. ते मेक्सिकोला परत गेले, आणि काही वर्षांनी पुन्हा आले ते नागपुरात कायमचे राहायला. तसल्या शाळा वर्धा-यवतमाळच्या गावांत निघाल्या असत्या तर काय झाले असते, हा प्रश्न मला एकेकाळी फार छळायचा. आता वाटते, निघाल्या असत्या तरी त्यांना जमीन, गावची संघटना आणि सरकार असे तिन्ही एका वेळी पाठीशी लागले असते. मेक्सिकोत ते काही काळ जुळून आले होते.

काही लेखांत खानखोज्यांना हरितक्रांतीचे जनक म्हटलेले आढळते. प्रेमापोटी म्हटलेले असले तरी ते बरोबर नाही, आणि त्यांना त्याची गरजही नाही. हरितक्रांतीचा गहू घडवला नॉर्मन बोरलॉगने, १९४४पासून मेक्सिकोत काम करून. सुरुवातीला त्याच्या कामाचे एक ठिकाण चापिंगोच होते. आपल्याला थक्क करणारी गोष्ट दुसरीच आहे. त्या गव्हाला बुटकेपणा आणणारे बियाणे बोरलॉगला मिळाले ते पुलमनहून, ऑर्व्हिल व्होगेल या तिथल्या पैदासकाराकडून. तिथून ते मेक्सिकोत वाढले आणि मेक्सिकोतून भारतात आले. पुलमन, चापिंगो, भारत. गव्हाने जो प्रवास केला तो त्याच्या आधीच आपल्या गावचा एक माणूस करून बसला होता.

१९६६ साली सरकारने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे बोटींनी मागवले. त्या हिवाळ्यात ते पंजाबात आणि इतरत्र पेरले गेले. खानखोजे तेव्हा नागपुरात होते, वय ब्याऐंशी. जानेवारी १९६७मध्ये ते वारले. त्या बियाण्याचा गहू तेव्हा शेतात अजून हिरवाच होता.